सुहार्तो यांना ‘राष्ट्रीय वीर’ ठरवलं, हे योग्य झालं का?

अश्विनी_वाई

१० नोव्हेंबर हा इंडोनेशियाचा वीर दिन. २०२५ साली त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांनी दहा जणांना ‘राष्ट्रीय वीर’ ही पदवी दिली. त्यात सुहार्तो आहेत. मार्च १९६६ मध्ये ज्यांनी सत्तेची सूत्रं हातात घेतली आणि विद्यार्थ्यांनी संसदेच्या आवारात ठाण मांडल्यावर २१ मे १९९८ ला सोडली, तेच. प्रबोवो हे त्यांचे एके काळचे जावई, हेही माहीत असलेलं बरं. आणि त्याच यादीत आणखी एक नाव आहे, मार्सिनाह.

ती कोण हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पूर्व जावात सिदोआर्जो जिल्ह्यातल्या पोरोंगला घड्याळाच्या कारखान्यात काम करणारी २४ वर्षांची मुलगी. १९९३ मध्ये प्रांताच्या गव्हर्नरनेच मूळ पगार २० टक्क्यांनी वाढवा असं परिपत्रक काढलं होतं. कामगारांचं म्हणणं होतं की रोजचे १,७०० रुपिया मिळतात, ते २,२५० करा. मेच्या सुरुवातीला संप झाला. ५ मे रोजी तिच्या १३ सहकाऱ्यांना बोलावणं आलं, ते लष्कराच्या जिल्हा ठाण्यातून. तिथे बसवून त्यांच्याकडून राजीनामे लिहून घेतले. त्यांचं काय झालं हे विचारायला मार्सिनाह गेली आणि त्या रात्रीपासून बेपत्ता झाली. काही दिवसांनी पूर्व जावातल्याच न्गांजुक जिल्ह्यात, जंगलाच्या कडेच्या एका झोपडीत तिचं प्रेत सापडलं. अंगावर छळाच्या खुणा होत्या. कारखान्यातल्या माणसांवर खटला भरला गेला, शिक्षाही झाल्या, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द करून सगळ्यांना सोडून दिलं. तिला कुणी मारलं हे कुठल्याही न्यायालयात आजवर सिद्ध झालेलं नाही.

पगारवाढीच्या भांडणात लष्कराचं काम काय, असा प्रश्न आपल्याला पडतो. सुहार्तोंच्या राज्यात तो पडायचं कारण नव्हतं. लष्कराने सीमाही राखायची आणि राज्यही चालवायचं, ही ‘दुहेरी भूमिका’ तिथे अधिकृत धोरण होती. गव्हर्नर लष्करातून आलेले, जिल्हाप्रमुख लष्करातून आलेले, संसदेत लष्कराच्या राखीव जागा, आणि थेट गावपातळीपर्यंत लष्कराचा नेमलेला माणूस. संप हा कामगार आणि मालक यांच्यातला व्यवहार राहतच नसे, तो देशाच्या सुरक्षेचा मामला होई.

माझा आक्षेप सरळ आहे. सुहार्तोंनी काहीच चांगलं केलं नाही असं मी म्हणत नाही. पण ज्या व्यवस्थेत मार्सिनाहचा जीव गेला ती व्यवस्था उभारणाऱ्याला आणि मार्सिनाहला एकाच दिवशी, एकाच सभागृहात, एकच पदवी दिली, की तिच्या मरणाची जबाबदारी कुणाचीच उरत नाही. दोन्ही कुटुंबांनी एकाच समारंभात ती पदवी स्वीकारली. तुम्हाला काय वाटतं?

इचलकरंजीकर

अश्विनीताई, मार्सिनाहबद्दल लिहिलंत ते योग्यच, त्यावर माझा वाद नाही. पण सुहार्तोंबद्दल बाहेरून वाचलेलं आणि तिथे राहून पाहिलेलं यात फार अंतर आहे. नव्वदच्या दशकात मी बांडुंगच्या बाहेर एका कापडगिरणीत वीव्हिंग खात्यात होतो. आपल्या भागातले बरेच जण तेव्हा तिकडे गेले, कारण गिरण्या तिकडे धडाधड उभ्या राहत होत्या आणि मुंबईतल्या बंद पडत होत्या.

मी काय पाहिलं ते सांगतो. गिरणीच्या मागच्या गावात महिन्यातून एकदा बायका एका घराच्या पडवीत जमायच्या. आडव्या दांडीला काटा टांगलेला, त्याला कापडाची झोळी, आणि झोळीत एकेक मूल बसवून वजन घ्यायचं. वजन कार्डावर लिहायचं, रेषा खाली गेली असेल तर आईला बाजूला घेऊन सांगायचं. हे करणाऱ्या सरकारी नर्स नव्हत्या, गावातल्याच बायका होत्या. मुगाची गोड पेज मुलांना वाटायच्या. असं केंद्र गावोगाव होतं. माझी बायको तेव्हा म्हणायची, आपल्या शिरोळ तालुक्यात हे इतकं नेमाने होताना कधी पाहिलं नाही.

आता आकडे घ्या. १९६६ साली त्यांच्या हातात देश आला तेव्हा महागाईचा दर ६०० टक्क्यांच्या वर होता. सरकारी मोजणीप्रमाणे १९७६ मध्ये ४० टक्के लोक दारिद्र्यात होते, १९९६ मध्ये ११ टक्के. १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत ६१,००० हून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. या शाळांचा त्या मुलांच्या पुढच्या कमाईवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास एस्थर डुफ्लो यांनी केला, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. परिणाम चांगला होता. कुटुंब नियोजनाचं काम इतकं झालं की १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लोकसंख्याविषयक पुरस्कार सुहार्तोंना दिला.

आज जावात फिरा. ट्रकच्या मागे, टीशर्टवर त्यांचा हसरा, हात हलवणारा फोटो दिसतो आणि खाली जावानीज भाषेत लिहिलेलं असतं, ‘कसं काय? माझाच काळ बरा होता ना?’ हे कुणी जबरदस्तीने लिहायला लावलेलं नाही. माणूस जाऊन (जानेवारी २००८) इतकी वर्षं झाली तरी लोक लिहितात. त्या ट्रकवाल्याच्या आठवणीला आपण इथे बसून खोटं कसं ठरवायचं?

खाचर

इचलकरंजीकरांशी सहमत. भातापुरतं बोलतो, कारण तो माझा विषय आहे.

सत्तरच्या दशकात इंडोनेशिया हा जगातला सर्वात मोठ्या तांदूळ आयातदारांपैकी एक होता. १९८४ मध्ये तो स्वयंपूर्ण झाला आणि १९८५ मध्ये सुहार्तोंना रोमला जागतिक अन्न संघटनेच्या व्यासपीठावर बोलायला बोलावलं. हे बहुतेकांना माहीत असतं. मला त्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

सुधारित वाणांबरोबर फवारणी आली. सरकार कीटकनाशकांवर किमतीच्या ८० टक्क्यांच्या आसपास अनुदान देत होतं, म्हणून शेतकरी मनसोक्त फवारत. त्याने तपकिरी तुडतुडे मरण्याऐवजी वाढले, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि ढेकूण आधी मेले. कर्जत-अलिबागकडच्या भातवाल्यांना ही कीड काय करते ते सांगायला नको, खाचरात गोल गोल चट्टे पडून उभं पीक जळल्यासारखं होतं. शास्त्रज्ञांनी हे सुहार्तोंना समजावलं. १९८६ मध्ये त्यांनी एका आदेशाने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही बंद केलं. मग शेतकऱ्यांच्या बांधावरच्या शाळा सुरू झाल्या, जिथे शेतकरी स्वतः चुडात बसून मित्रकिडी मोजायला शिकले. हे मॉडेल पुढे आशियाभर गेलं, आपल्या कृषी खात्यातही आलं.

कीटकनाशक कंपन्यांचा दबाव झुगारून असा निर्णय घेणारा नेता लोकशाहीत मला तरी सहज दिसलेला नाही. शेतकऱ्याचा मुलगा होता तो, केमुसुक गावचा. त्याला भात कळत होता.

गोदातीर

वरचे प्रतिसाद वाचून बेचैन झालो. चर्चा १९६६ पासून सुरू होतेय, जणू त्याआधी फक्त महागाई होती. १९६५ बद्दल कुणीच कसं बोलत नाही?

३० सप्टेंबर १९६५ च्या रात्री सहा जनरल आणि एक लेफ्टनंट यांना पळवून मारलं गेलं, प्रेतं जकार्ताजवळ लुबांग बुआया इथल्या विहिरीत टाकली. हे भयंकर होतं, यात शंका नाही. सुहार्तो तेव्हा लष्कराच्या राखीव दलाचे प्रमुख. त्यांनी एका दिवसात जकार्ता ताब्यात घेतली आणि दोष संपूर्ण कम्युनिस्ट पक्षावर टाकला. हा पक्ष तेव्हा कायदेशीर होता, त्याचे लाखो सभासद होते. शेतमजूर संघटना, महिला संघटना, शिक्षकांची संघटना, कलावंतांचे गट, सगळे त्याच्याशी जोडलेले. पुढच्या काही महिन्यांत जावा, बाली, उत्तर सुमात्रा इथे किती माणसं मारली गेली याचे अंदाज ५ लाखांपासून १० लाखांपर्यंत जातात. खटला नाही, आरोपपत्र नाही. गावातल्या यादीत नाव असलं की रात्री घेऊन जायचे.

जे वाचले त्यांचं काय? सुमारे १२,००० जणांना बुरू बेटावर पाठवलं. कित्येक जण दहा वर्षं तिथे जंगल तोडून शेती करत राहिले, एकही दिवस न्यायालयात उभे न राहता. सुटल्यावर ओळखपत्रावर ‘माजी राजकीय कैदी’ अशी खूण. तेवढ्यावर थांबलं नाही. त्यांच्या मुलांना, पुतण्यांना, जावयांना शिक्षक होता येत नव्हतं, सैन्यात जाता येत नव्हतं, सरकारी नोकरी मिळत नव्हती. ‘घराणं स्वच्छ आहे’ असा दाखला लागायचा. १९६५ मध्ये जन्मलेलीच नव्हती अशी मुलंही या दाखल्यावाचून अडली.

इचलकरंजीकर, तुम्ही ज्या पडवीत मुलांचं वजन होताना पाहिलंत त्या गावातही अशी घरं असणार. ती तुमच्याशी बोलली नसतील. बोलण्याची सोय नव्हती.

आणखी एक. ११ जानेवारी २०२३ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी मानवी हक्कांचे १२ गंभीर भंग झाल्याचं देशाच्या वतीने मान्य करून खेद व्यक्त केला. त्यात १९६५-६६ आहे. ऐंशीच्या दशकात गुंड म्हणून रस्त्यात गोळ्या घालून टाकून दिलेले हजारो लोक आहेत, ज्याबद्दल सुहार्तोंनी आत्मचरित्रात ही धाक बसवण्यासाठीची उपाययोजना होती असं स्वतःच सांगितलंय. ज्या राज्याने २०२३ मध्ये खेद मानला, त्याच राज्याने २०२५ मध्ये त्या काळाच्या प्रमुखाला वीर म्हणायचं हे कसं बसतं?

पूर्वरंग

पूर्व तिमोरही विसरू नका. ७ डिसेंबर १९७५ ला इंडोनेशियाचं आक्रमण, १२ नोव्हेंबर १९९१ ला तिथली राजधानी दिली इथल्या सांताक्रूझ स्मशानभूमीत जमावावर गोळीबार. तिथल्या सत्यशोधन आयोगाने संघर्षामुळे झालेले मृत्यू किमान १ लाख २ हजार धरले, त्यातले बहुतेक भुकेने आणि आजाराने. संधी मिळताच, ऑगस्ट १९९९ मध्ये, ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं.

इचलकरंजीकर

गोदातीर, ती घरं असणारच, हे मी नाकारत नाही. १९६५ चं समर्थन करणारा माणूस मी नाही. पण सगळं एका माणसाच्या डोक्यावर ठेवू नका. मारणाऱ्यांमध्ये गावातलेच तरुण होते, धार्मिक संघटनांचे होते, बालीत राष्ट्रवादी पक्षाचे होते. जमिनीच्या वाटपावरून दोन-तीन वर्षं आधीच गावं फुटली होती. शीतयुद्ध होतं, अमेरिकेच्या वकिलातीने याद्या पुरवल्या हे आता उघड झालंय.

माझा मुद्दा तुलनेचा आहे. त्या काळात आशिया-आफ्रिकेत लष्करी सत्ता कुठे नव्हती? ब्रह्मदेशात १९६२ मध्ये ने विन आले, देश कंगाल करून गेले. फिलिपिन्समध्ये मार्कोस यांनी लूट केली आणि मागे कर्ज ठेवलं. नायजेरियातही तेलाचा पैसा आला, लष्करही होतं. तिथे खेडोपाडी शाळा आणि भात का नाही झाला? सुहार्तोंच्या हाती तेल आलं तेव्हा त्यातला मोठा भाग गावात गेला. खत, पाटाचं पाणी, रस्ता, दवाखाना. विडजोजो नितिसास्त्रोंसारख्या अर्थशास्त्रज्ञांना त्यांनी वर्षानुवर्षं काम करू दिलं. हुकूमशहा सगळे सारखे नसतात, आणि ज्याच्या राज्यात पोट भरलं त्याला तो फरक कळतो.

नंदन_ठाकूर्ली

तुलनाच करायची तर ने विन कशाला, आपल्या घरातली करू. मी आणीबाणी पाहिलेल्या पिढीतला आहे.

इचलकरंजीकरांच्या बोलण्याखाली एक गृहीत आहे, की भुकेल्या देशाला पोट भरायचं असेल तर काही काळ तोंड बंद ठेवावं लागतं. महाराष्ट्राने याचं उलट उदाहरण घालून दिलंय. १९७२ चा दुष्काळ. लाखो माणसं खडी फोडायला, नालाबांध घालायला रस्त्यावर होती. त्या वेळी गावोगाव मोर्चे निघाले, विधानसभेत विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं, वर्तमानपत्रांनी सुकड्यांचे आणि मजुरीच्या दराचे हिशेब छापले. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्यातूनच राज्यभर पसरली, आणि तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर भत्ता. हा मजुराचा हक्क होता, कुणा साहेबाची मेहेरबानी नव्हती. त्यात गैरव्यवहार झाले, पण ते चव्हाट्यावर मांडता येत होते.

कुटुंब नियोजनाचंही तेच. आपल्याकडे १९७६-७७ मध्ये ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, कशा झाल्या ते माझ्या पिढीला माहीत आहे. मार्च १९७७ मध्ये लोकांनी त्या सरकारला घरी बसवलं. इंडोनेशियातही मोहिमा लष्कर आणि अधिकारी हजर ठेवून, गावाला लक्ष्य ठरवून देऊन झाल्या. तिथल्या बाईला तक्रार करायची असती तर कुठे केली असती? मतपेटीत?

मतपेटी कशी होती ते सांगतो. १९७३ मध्ये सगळे पक्ष दोनांत कोंबले आणि तिसरा सरकारी गोलकार. सरकारी नोकर म्हटला की त्याने गोलकारलाच मत द्यायचं. गावात निवडणुकांच्या मधल्या काळात इतर पक्षांना शाखा चालवायला बंदी. १९७१ ते १९९७ अशा सहा निवडणुकांत गोलकार कधी ६२ टक्क्यांच्या खाली गेला नाही. राष्ट्राध्यक्ष निवडणारी सभा तर निम्मी नेमलेली. सात वेळा सुहार्तो निवडून आले, सातही वेळा समोर कुणी उमेदवार नाही. सातवी वेळ मार्च १९९८ ची. सभेत सगळ्यांनी एकमुखाने पाच वर्षं दिली, आणि ७२ दिवसांत ते गेले. ज्या सभेने एकमताने निवडलं तिचा अध्यक्षच मेमध्ये राजीनामा मागत होता. ३२ वर्षं लोकांच्या मनात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, कारण सांगणाऱ्याची सोय त्यांनीच काढून टाकली होती. जून १९९४ मध्ये तीन साप्ताहिकं एका फटक्यात बंद केली, त्यांतल्या एकाने युद्धनौकांच्या खरेदीतला घोळ छापला होता.

लाल_माती

@खाचर, ५७ कीटकनाशकांची बंदी हा चांगला निर्णय होता, मान्य. पण त्याच माणसाचा भाताबद्दलचा दुसरा मोठा निर्णय तुम्ही सोडून दिलात.

१९९५ मध्ये त्यांनी ठरवलं की बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतानमध्ये १० लाख हेक्टर नवी भातखाचरं करायची. ती जमीन कसली? पीट. म्हणजे हजारो वर्षं कुजलेल्या झाडापाल्याचे थर, काही ठिकाणी कित्येक मीटर जाड, कायम पाण्याने भिजलेले. वर दलदलीचं जंगल, ओरांगउटान, तिथल्या मूळच्या दायाक लोकांच्या वेताच्या बागा. मातीचा अभ्यास असलेल्यांनी सांगितलं की हे आम्लधर्मी आहे, इथे भात येणार नाही. आदेश निघाला होता. ४,००० किलोमीटरहून जास्त कालवे खणले, जंगल तोडलं, जावातून कुटुंबं नेऊन बसवली. कालव्यांतून पाणी निघून गेलं, थर वाळला. वाळलेलं पीट म्हणजे जळण. १९९७ च्या कोरड्या हंगामात ते पेटलं. ही आग जमिनीखाली धुमसते, पाऊस पडेपर्यंत विझत नाही. त्या वर्षीच्या वणव्यांचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. भात जवळजवळ काहीच आला नाही. तिथे अजूनही कोरड्या वर्षी आग लागते.

पैसा कुठून आला तेही पाहा. लाकूड तोडणाऱ्या कंपन्यांकडून जंगल पुन्हा लावण्यासाठी निधी गोळा होत होता, त्यातून. याच निधीतून १९९४ मध्ये ४०० अब्ज रुपिया सरकारी विमान कारखान्याला दिले होते. पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या आणि हरल्या.

१९८६ मध्ये त्यांनी शास्त्रज्ञांचं ऐकलं म्हणून तुम्ही त्यांना मानता. १९९५ मध्ये ऐकलं नाही, तेव्हा थांबवणारं कुणीच नव्हतं. तुम्ही ज्या ताकदीचं कौतुक करताय, ती या दोन्ही वेळी एकच होती.

खाचर

लाल_माती, कालिमंतानचा प्रकल्प चुकला यात दुमत नाही. पण आपल्याकडे धरणांच्या आणि सिंचनाच्या नावावर किती पैसा गेला आणि शिवारात पाणी किती आलं, याचाही हिशेब मांडा. विधानसभा होती, वर्तमानपत्रं होती, श्वेतपत्रिका निघाली. पाणी नाही आलं. लोकशाही असली की निर्णय सुधारतातच, हे मला शेतीत तरी दिसलेलं नाही. १९८४ चा तांदूळ खरा होता, तो लोकांच्या ताटात पडला. मी त्याला शून्य म्हणणार नाही.

लाल_माती

शून्य मीही म्हणत नाही. पण श्वेतपत्रिका निघते, चौकशी लागते, मंत्र्याला राजीनामा द्यावा लागतो, हे तुम्ही स्वतः लिहू शकता आणि नाव घेऊन लिहू शकता. कालिमंतानच्या दायाक माणसाला १९९६ मध्ये ते शक्य नव्हतं. फरक तिथे आहे.

मसाल्याचा_व्यापारी

लवंगेचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. आमचा धंदा मसाल्याचा, त्यामुळे हे घरात ऐकलेलं.

इंडोनेशियात लवंग मुख्यतः सिगारेटीत जाते, क्रेतेक म्हणतात तिला. कोट्यवधी लोक ओढतात, त्यामुळे लवंगेची बाजारपेठ प्रचंड. १९९१ च्या सुमारास लवंग खरेदीची मक्तेदारी एका मंडळाला दिली गेली आणि मंडळाचे प्रमुख होते सुहार्तोंचे धाकटे चिरंजीव टॉमी. कारण सांगितलं शेतकऱ्याला स्थिर भाव मिळावा. मध्यवर्ती बँकेकडून स्वस्तात कर्ज घेतलं, शेतकऱ्याकडून एका दराने घ्यायची, कारखान्यांना कितीतरी चढ्या दराने विकायची. कारखान्यांनी खरेदी कमी केली, गोदामं भरली. मग शेतकऱ्यांनाच सांगितलं गेलं की लागवड कमी करा. सुलावेसीत, मालुकूत लोकांनी वाढलेली झाडं तोडली किंवा तोडणीच सोडून दिली. लवंगेचं झाड उत्पन्नाला यायला किती वर्षं लागतात हे कोकणातल्या बागायतदारांना विचारा.

आपल्याकडेही कापसाची एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासून. तिच्यात तोटे झाले, चुकारे रखडले, विदर्भातला शेतकरी तिच्यावर चिडलेला असे. पण ती मुख्यमंत्र्यांच्या मुलाची नव्हती, आणि तिच्यावर दर अधिवेशनात आमदार बोलत. टॉमींचं मंडळ मोडायला जानेवारी १९९८ मध्ये नाणेनिधीला अट घालावी लागली. मुलीकडे टोल रस्ते, मुलाकडे ‘राष्ट्रीय’ मोटारगाडीची करमाफी, मित्रांकडे पीठ आणि प्लायवूड. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलने २००४ मध्ये जगातल्या नेत्यांनी केलेल्या अपहाराची यादी केली तेव्हा सुहार्तो पहिले होते, १५ ते ३५ अब्ज डॉलरचा अंदाज. त्यांच्यावरचा खटला तब्येतीच्या कारणाने चाललाच नाही. त्यामुळे त्यांचे चाहते ‘दोष सिद्ध कुठे झाला’ असं विचारतात. सप्टेंबर २०२४ मध्ये तर भ्रष्टाचारविरोधी ठरावातून त्यांचं नावही तिथल्या सर्वोच्च सभेने काढलं. वीर पदवीची वाट तेव्हाच मोकळी झाली.

अश्विनी_वाई

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. इचलकरंजीकर, तुमच्या ट्रकच्या फोटोबद्दल मला बोलायचंय, कारण तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा तोच आहे.

त्या ट्रकवाल्याला मी खोटं म्हणत नाही. डिझेल महाग झालंय, पोराला नोकरी नाही, वाटेत हप्ता द्यावा लागतो, निवडून आलेले लोक पैसे खातात. त्याची तक्रार खरी आहे. पण ती आजच्या सरकारबद्दलची आहे आणि तो ती ट्रकच्या मागे रंगवून देशभर फिरवू शकतो. १९९० मध्ये त्याने ‘सुकर्णोंचाच काळ बरा होता’ असं, म्हणजे सुहार्तोंच्या आधीच्या राष्ट्राध्यक्षांबद्दल, लिहिलं असतं तर?

दुसरं, ११ टक्के दारिद्र्य. १९९७-९८ मध्ये काय झालं तेही त्याच हिशेबात धरायला हवं. डॉलरला २,४०० च्या आसपास असलेला रुपिया काही महिन्यांत १५,००० च्या पलीकडे गेला. १९९८ या एका वर्षात अर्थव्यवस्था १३ टक्क्यांनी आकसली. मुलांच्या आणि मित्रांच्या कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्जं उचलली होती, बँका त्यांच्याच होत्या, आणि कोणती बुडणार हे विचारायची हिंमत अधिकाऱ्यांत नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये १६ बँका बंद केल्या, त्यात मुलाची एक होती, तर त्याने अर्थमंत्र्यावर खटला भरला आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावाने बँक उघडली. अशा कारभारावर कोण विश्वास ठेवणार होतं? १२ मे १९९८ ला त्रिसाक्ती विद्यापीठाचे चार विद्यार्थी गोळीबारात गेले, मग तीन दिवस जाळपोळ. हजाराहून जास्त माणसं मेली. जकार्तातल्या ग्लोडोक भागातली चिनी वंशाच्या लोकांची दुकानं जाळली, त्यांच्या बायकांवर बलात्कार झाले. या समाजाची लिपी, शाळा, सण १९६६-६७ पासून सुहार्तोंच्याच आदेशांनी बंद होते. ३० वर्षं सरकारने ज्यांना परकं ठरवलं, त्यांच्यावरच जमाव गेला.

आणि सुहार्तो गेल्यावर? देश फुटेल असं म्हणत होते. नाही फुटला. २००४ पासून लोक राष्ट्राध्यक्ष थेट निवडतात, आचे प्रांतातल्या बंडखोरांशी २००५ ला समेट झाला, आणि २०१८ मध्ये सरकारी मोजणीने दारिद्र्य १० टक्क्यांच्या खाली आलं. तोंड बंद न ठेवता. मोजायची पद्धत मध्यंतरी कडक केली होती, तरीही.

इचलकरंजीकर

ताई, मे ९८ मी तिथे होतो. आमच्या कॉलनीतली चिनी वंशाची कुटुंबं रात्रीतून आमच्या घरी आली होती, त्यामुळे तो भाग मला सांगायला नको.

तरी माझं मत बदललेलं नाही. वीर पदवी मी दिली असती का? घाई केली नसती. १९६५ चे कागद आधी उघडले असते, मार्सिनाहचा तपास पुन्हा लावला असता. पण इंडोनेशियाच्या शाळेतल्या पुस्तकात सुहार्तोंच्या धड्यात फक्त बुरू आणि टॉमी असतील तर तोही अर्धाच धडा. ज्या बायका महिन्याच्या महिन्याला झोळी काट्याला अडकवत होत्या, त्यांना कुणीतरी काटा पाठवला होता, कार्डं छापून दिली होती, आणि पुढच्या महिन्यात ती भरली का हे तपासायला माणूस येत होता. ते सरकार होतं आणि त्याच्या प्रमुखाचं नाव सुहार्तो होतं.

गोदातीर

काटा सरकारने पाठवला, मान्य. पण तो पाठवण्यासाठी बुरू बेट लागत नव्हतं, वीव्हिंगच्या गिरणीत लष्कर लागत नव्हतं, आणि मुलाला लवंगेची मक्तेदारीही लागत नव्हती. तुम्ही कागद आधी उघडायचे म्हणालात, तिथे आपण एकत्र आहोत. जकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर जानेवारी २००७ पासून दर गुरुवारी काळ्या छत्र्या घेऊन लोक उभे राहतात. नोव्हेंबर १९९८ मध्ये गोळी लागून मुलगा गेलेल्या सुमार्सिह त्यात पहिल्यापासून आहेत. त्यांची मागणीही तपासाचीच आहे. पदवी द्यायला सरकारला एक सकाळ पुरली, तपासाला अजून वेळ झालेला नाही.